वर्षभर एकच विषय : राजगड

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागतं. साखर, गुंजवणेमार्गे राजगडला जाणारे इथूनच वळतात. गेल्या वर्षी मी वाचनाचा संकल्प केला, तो पुस्तकांच्या आकड्याचा नव्हता. हाच राजगड वाचनातून समजून घ्यायचा होता.

सुरुवात सभासद बखरीने केली. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली ही बखर छोटेखानी आहे, पण भाषा मुरायला वेळ द्यावा लागतो. मग गो. नी. दांडेकरांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे पुस्तक घेतलं. ते वाचून संजीवनी माचीवर गेलो. दुहेरी तटबंदीच्या मधल्या अरुंद बोळातून चाललं, की शत्रूची इथे कशी कोंडी होत असेल हे लगेच कळतं.

वाचनातून एक गोष्ट पक्की झाली. १६६५च्या पुरंदर तहात २३ किल्ले गेले, तरी राजगड स्वराज्यातच राहिला. आग्र्याहून सुटल्यावर शिवाजी महाराज १६६६ साली परतले ते इथेच. जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीतही आला.

नव्या वर्षी आकड्यामागे धावू नका. आपल्या गावाजवळचा एक विषय धरा, गावच्या वाचनालयाची वर्गणी भरा आणि सुरुवात करा. तुमचा विषय कोणता, खाली नक्की सांगा.