पांढरे ठिपके गेले, पण रोग गेला का?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक नवा मासा आणून सोडला. दोन-तीन दिवसांनी तो दगडांवर अंग घासू लागला. त्याच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले. आणखी चार दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे झाले. मासा बरा झाला असे समजून मालक निश्चिंत झाला. पण पुढे आठवड्याभरातच टाकीतील सर्व माशांवर असंख्य ठिपके उठले आणि मासे धापा टाकत मरू लागले. बरा झालेला रोग परत कोठून आला?

खरे म्हणजे तो गेलाच नव्हता. या रोगाचे कारण क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परोपजीवी आहे. १९३७ साली जपानमध्ये सिकामा यांनी त्याचे वर्णन केले आणि १९५१ साली ब्राउन यांनी त्याला हे नाव दिले. त्याच्या पेशीभोवती बारीक केसांसारखी लव असते व तिच्या साहाय्याने तो पोहतो.

या जीवाच्या आयुष्याचे तीन टप्पे ध्यानात घेतले की सारा उलगडा होतो. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत शिरून तेथील पेशींवर वाढतो. पांढरा ठिपका दिसतो तो हाच. तीन ते सात दिवसांत पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. हा दुसरा टप्पा. या कोषात त्याचे पुन्हा पुन्हा विभाजन होते आणि एकाचे दोनशेपर्यंत जीव होऊ शकतात. बहुतेक कोष आठवड्याभरात फुटतात; काही मात्र चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ थांबतात. तिसऱ्या टप्प्यात बाहेर पडलेले पिल्लू-जीव पोहत पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ते मरतात.

आता थोडा हिशेब करू. दोनशेपैकी फक्त वीस जणांना मासा सापडला असे धरा. मग एका ठिपक्याचे दुसऱ्या फेरीत वीस आणि तिसऱ्या फेरीत चारशे ठिपके होतील. अथांग समुद्रात बहुतेक पिल्लांना मासा सापडतच नाही. टाकीत मात्र माशाला पळून जायला जागाच नसते.

म्हणून नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवणे हाच खरा उपाय. तेथे मोरचुदातील तांबे वापरता येते. लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे पोहणाऱ्या पिल्लांना मारते. शंभर लिटर पाण्याला वीस मिलिग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे ऐंशी मिलिग्रॅम मोरचूद पुरते. चिमूटभरही नव्हे! मात्र त्वचेखाली दडलेल्या किंवा कोषातल्या जीवाला तांबे फारसे काही करू शकत नाही. म्हणूनच औषध दोन-चार दिवस देऊन भागत नाही. सर्व कोष फुटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, तांब्याचे प्रमाण टिकवावे लागते. प्रमाण घटले तर जंतू वाचतात, वाढले तर मासाच दगावतो. त्यामुळे ते वरचेवर मोजावे लागते. प्रवाळ, शंख आणि कोळंबी यांना तर तांबे विषच आहे. शिवाय प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेते. म्हणून हे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये.

दुसरी युक्ती औषधाशिवायची आहे. कोष फुटायला सहसा किमान तीन दिवस लागतात. तेव्हा मासा दर तीन दिवसांनी कोरड्या, स्वच्छ टाकीत नव्या खाऱ्या पाण्यात हलवावा. जुनी टाकी, हातजाळे आणि नळ्या पूर्ण वाळवाव्यात. तळाशी पडलेले कोष मागेच राहतात व वाळून मरतात. असे चार वेळा केले की माशावरचे सर्व जीव उतरून गेलेले असतात. दोन्ही टाक्यांतील पाण्याचे तापमान व खारेपणा मात्र सारखा असावा.

आणि मुख्य टाकीत रोग पोचलाच असेल तर? तेथील सर्व मासे बाहेर काढून निदान सहा आठवडे, शक्य तर अधिक काळ, टाकी माशांविना ठेवावी. प्रवाळ आणि कोळंबी तिथेच राहू द्याव्यात. या जीवाला तेथे पोसणारे कोणी नसते. कोष फुटतात, पिल्ले मासा शोधतात आणि उपाशी मरतात.

आता एका प्रश्नाचे उत्तर तुम्हीच शोधा. एकाने नवा मासा चार दिवस वेगळा ठेवला. ठिपके दिसले नाहीत म्हणून टाकीत सोडला. त्याची चूक कोठे झाली? उत्तर शोधताना कल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, हे विसरू नका.