गिअरबॉक्स उघडण्याआधी

पंधरा-वीस वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी रेस देऊनही उचलत नाही, किंवा ‘डी’ टाकल्यावर थोडं थांबून झटक्याने पुढे सरकते. गॅरेजमध्ये निकाल ठरलेला असतो : गिअरबॉक्स गेला. त्यासोबत येणारा खर्चाचा आकडा कधी कधी गाडीच्या बाजारभावाजवळ जातो आणि इंजिन ठणठणीत असलेली गाडी भंगारात निघते. तो निकाल खराही असू शकतो. पण तो खरा की खोटा, हे गिअरबॉक्स खाली न उतरवता बरंचसं कळतं आणि त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या स्वस्त आहेत. त्या कोणत्या क्रमाने करायच्या, हे गाडीच्या मालकाला माहीत असायला हवं.

आधी गाडीतला ऑटोमॅटिक कुठल्या जातीचा आहे ते पाहा. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्यात क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुल्या असतात, डीएसजीत दोन क्लच. त्यांचे आजार वेगळे. इथे बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या चार-गिअरी ऑटोमॅटिकबद्दल, २००३ मध्ये भारतात आलेल्या कोरोलासारख्या गाड्यांत असतो त्याबद्दल.

या गिअरबॉक्सचा जीव तेलात असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेली पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरची, गिअरबॉक्सकडची पाती फिरतात. पुढे प्लॅनेटरी गिअर असतात : मधोमध एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून दातेरी कडं. यातला कोणता भाग धरून ठेवला आणि कोणता फिरू दिला यावर गिअर ठरतो. धरून ठेवायचं काम क्लचच्या प्लेटा आणि ब्रेक करतात, आणि त्यांना दाबतं तेलच. ते दाबाखाली पाठवणारा पंप इंजिन चालू असेल तेवढाच वेळ चालतो. कोणत्या क्लचला तेल कधी जाणार, हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा वाटांचा चक्रव्यूह आणि त्यावरचे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, ठरवतात.

म्हणून पहिली तपासणी तेलाची. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करावी, सपाट जागी उभी करावी, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून ‘पी’मध्ये आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहावी. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहायची असते, तेव्हा गाडीची पुस्तिका उघडणं बरं. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली असेल तर कुठे तरी गळती आहेच. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात. वळणावर किंवा चढावर तेल एका बाजूला जातं, म्हणून तिथे त्रास जास्त जाणवतो. जास्त भरलेलं तेलही फेसाळतं आणि तीच लक्षणं दाखवतं.

पातळीनंतर रंग आणि वास. नवं तेल बहुधा लाल असतं. तपकिरी झालं असेल तर ते म्हातारं झालंय, एवढंच. काळपट आणि करपल्याचा वास असेल तर प्लेटांचं अस्तर जळालेलं आहे. तेल गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते. ती आतून फुटली की कूलंट तेलात उतरतं आणि प्लेटांचं अस्तर सोलून काढतं. रेडिएटर वेळीच बदलला असता तर वाचला असता, असा गिअरबॉक्स या एका कारणाने जातो, आणि याचंच मला सर्वांत वाईट वाटतं.

तेल ठीक असेल तर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या गोष्टी पाहाव्यात. आयडलिंग जास्त असेल तर ‘डी’ टाकताना झटका बसणारच. इंजिनाचं माउंटिंग फाटलं असेल तर ‘धाड’ असा आवाज येतो आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. बॅटरीची अर्थ वायर गंजली असेल तर सोलेनॉइडला धड वीज मिळत नाही.

आता गाडीलाच प्रश्न विचारायचे. हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक दाबून, गरम गाडीत लिव्हर ‘एन’वरून ‘डी’त टाका आणि हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजा. टोयोटाच्या सर्व्हिस पुस्तिकांत ही मर्यादा ‘डी’साठी १.२ सेकंद आणि ‘आर’साठी १.५ सेकंद दिलेली आहे. दोन्हीकडे उशीर होत असेल तर संशय एकूण दाबावर, म्हणजे पंप, फिल्टर किंवा रेग्युलेटरवर. एकाच बाजूला उशीर होत असेल तर त्या बाजूच्या क्लचवर.

इथे हे यंत्र किती स्वच्छ उत्तरं देतं ते पाहण्यासारखं आहे. या जुन्या रचनेत एक क्लच पुढच्या सगळ्या गिअरांत लागतो आणि दुसरा तिसऱ्या, चौथ्या व रिव्हर्समध्ये. पहिला-दुसरा चांगले, पण तिसऱ्यात रेस वाढते आणि गाडी पळत नाही, शिवाय रिव्हर्सही घसरतो? दोन्हींत समान असलेला तो दुसरा क्लच गुन्हेगार. गाडी ‘डी’मध्ये जागची हलत नाही, पण ‘एल’मध्ये निघते? पहिल्या गिअरला ‘डी’त जो एकमार्गी क्लच आधार देतो तो गेला आहे, कारण ‘एल’मध्ये त्याच्या जोडीला एक ब्रेकही लागतो आणि तो काम निभावून नेतो. कोणता गिअर केव्हा घसरतो, हे मालकाने वहीत लिहून नेलं तर चांगला मिस्त्री ते वाचूनच अर्धं निदान करतो.

साधारण साठ-सत्तरच्या वेगाला, हलक्या रेसवर गाडी खडबडीत रस्त्यावरून जात असल्यासारखी थरथरते, हा आणखी एक नेहमीचा आजार. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन्हीकडची पाती एकमेकांना थेट जोडणारा लॉकअप क्लच असतो. तो या वेगाला लागतो आणि झिजला किंवा तेल जुनं झालं की थरथरतो. पण इंजिनाचा मिसफायर अगदी तसाच वाटतो. रस्ता मोकळा असताना, रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, स्टॉप लाइट लागण्यापुरता. ब्रेकचा स्विच लॉकअप सोडवतो. थरथर तत्क्षणी थांबली तर दोष लॉकअपचा. चालूच राहिली तर प्लग आणि इग्निशन कॉइल पाहा.

गाडी एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकून बसली असेल तर तो कंप्युटरने लावलेला सुरक्षा-उपाय असतो. मग स्कॅनर लावायचा. पी ०७०० हा कोड फक्त सांगतो की तक्रार आहे. खरी तक्रार पुढच्या कोडमध्ये असते. पी ०७४१ लॉकअपचा, पी ०७३० चुकीच्या गिअर-प्रमाणाचा, पी ०७५० पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा. पण कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचं नाव नव्हे. सोलेनॉइड बदलण्याआधी त्याची वायर आणि प्लग तपासावा, मीटरने रोध मोजावा. टोयोटाच्या पुस्तिकांत आणखी एक सुंदर चाचणी आहे : सोलेनॉइडचा प्लग काढून ठेवायचा आणि गाडी चालवायची. मग लिव्हरची प्रत्येक जागा एक ठरावीक गिअर देते. ते सगळे नीट लागले तर आतली यंत्रणा शाबूत आहे, दोष विजेचा. गिअरबॉक्स उतरवायचं कारणच उरत नाही.

शेवटची पायरी म्हणजे तेलाचं चेंबर उतरवणं. हे आपल्यासमोर करून घ्यावं. त्यातल्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट जमलेली असेल तर ती वयाची झीज आहे. काळी भुकटी म्हणजे क्लचचं अस्तर. चमकणारे, बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे गिअर किंवा बेअरिंग तुटत आहेत. अशा गिअरबॉक्सवर तेल बदलण्याचा खर्चही करू नये.

तेल बदलल्याने जुना गिअरबॉक्स मरतो, असं पुष्कळ जण सांगतात. तो मरत आलेलाच असतो, तेल बदलणं निमित्त ठरतं. घसरत नसलेल्या गिअरबॉक्सचं तेल जरूर बदलावं, पण प्रेशर मशीनने धुऊन नव्हे. खालून सोडल्यावर निम्म्याहून अधिक तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा थोडं थोडं बदलावं. पुस्तिकेत तेलाचा प्रकार टी-फोर लिहिला असेल तर टी-फोरच. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं सांगून दिलेलं तेल घेऊ नका.

आणि गाडी वाटेत बंद पडलीच, तर दोर बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं फिरत राहतात आणि गिअरबॉक्स कोरडा घासला जातो. फ्लॅटबेड मागवा, आणि तो मिळणार नसेल तर पुढची चाकं उचलूनच गाडी न्या.