एकच देखावा, बारा महिने



निसर्गाचा देखावा रंगवावयाचा तर माथेरानास किंवा महाबळेश्वरास गेले पाहिजे, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून एक समजूत रूढ आहे. सुटीत आपण तेथे जातो, दोन दिवस राहतो, सूर्यास्त पाहतो, आणि त्या दोन दिवसांत जे दिसले तेच त्या स्थळाचे रूप असे मानून परत येतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. घरापासून पायी जाऊन जो देखावा गाठता येतो तोच रंगवावयास घ्यावा, आणि तोही एकदा नव्हे, तर वर्षातून बारा वेळा. तसे केले म्हणजे ध्यानात येते की, ऋतू केवळ देखावा पालटीत नाहीत. ते आपल्या पेटीतील रंगाचा स्वभावही पालटतात, आणि आपण हट्ट सोडला तर आपली दृष्टीही.

मी चित्रकार नव्हे. उभा जन्म प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात गेला. निवृत्त झाल्यावर ॲक्रिलिक रंगांची एक पेटी घेतली आणि कोल्हापूरच्या वायव्येस, पंचगंगेच्या मळीच्या जमिनीत, एका बांधावर जाऊन बसू लागलो. समोर उसाची शेते, बांधाच्या टोकास एक पिंपळ आणि मागे जोतिबाचा डोंगर, एवढाच माझा देखावा. या गावात ही वाट नवी नाही. १९३१ साली निवर्तलेले थोर चित्रकार आबालाल रहिमान यांनी याच परिसराची निसर्गचित्रे रंगविली. राजस्थानातील दरबारी चित्रकारही बारा महिन्यांची बारा चित्रे काढीत आणि त्या चित्रमालेस ‘बारामासा’ म्हणत. नवे आहे ते फक्त हातातील रंग, म्हणून प्रथम त्याविषयी थोडे सांगतो.

कोणत्याही रंगात मुख्यतः दोन घटक असतात. एक रंगद्रव्याची पूड आणि दुसरा ती पूड कागदास वा कापडास धरून ठेवणारा बंधक. जलरंगात हा बंधक म्हणजे डिंक, तैलरंगात जवसाचे तेल, आणि ॲक्रिलिकमध्ये एक कृत्रिम राळ. ही राळ पाण्यात विरघळलेली नसते. दुधात स्निग्धांश असतो त्याप्रमाणे तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांस भिडतात, एकजीव होतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. मग त्यावर कितीही पाणी फिरविले तरी तो विरघळत नाही. चित्रकारांसाठी असे पाण्यात कालविता येणारे ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९५५ च्या सुमारास विक्रीस आले.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ओल्या स्थितीत ही राळ दुधासारखी पांढुरकी असते व वाळल्यावर काचेसारखी स्वच्छ होते; त्यामुळे वाळलेला रंग ओल्या रंगापेक्षा किंचित गडद दिसतो. नवशिक्याने हे आधीच हिशेबात धरावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रंगाचे वाळणे सर्वस्वी पाण्याच्या उडून जाण्यावर अवलंबून असल्याने हवा उष्ण आहे की दमट, वारा आहे की नाही, यावर आपल्या हाताची गती ठरते.

कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्मापासून केला आहे. रंग शिकणारासही तोच आरंभ योग्य, कारण ग्रीष्म हा सर्वांत कडक शिक्षक होय. माझ्या पहिल्या वैशाखात मी सकाळी दहा वाजता बांधावर जाऊन बसलो. ताटलीतील रंगावर पाहता पाहता साय धरली, आणि जरा दुर्लक्ष झाले तेवढ्यात दोन कुंचल्यांचे केस लाकडासारखे ताठ झाले. ते कुंचले पुन्हा कामास आले नाहीत. तेव्हापासून मी पसरट डब्यात ओला फडक्याचा तुकडा घालतो, त्यावर बटरपेपर पसरतो आणि त्यावर रंग काढतो; खालचा ओलावा रंगास जिवंत ठेवतो. वापरात नसलेला कुंचला पाण्याबाहेर ठेवीत नाही, आणि नऊच्या आत काम आटोपतो. या दिवसांत आकाश निळे नसून पांढुरके असते, धुळीमुळे डोंगर फिकट दिसतो, आणि जिला आपण काळी माती म्हणतो ती उन्हात करडी दिसते. ती खरोखर काळी होते ती मृगाच्या पहिल्या सरीनंतर.

वर्षाऋतूत सारेच उलटते. आडोशास बसून काम करावे लागते, पण रंग पुष्कळ वेळ ओला राहतो. ढगांच्या कडा एकमेकींत विरविणे, जे वैशाखात दुर्घट होते, ते श्रावणात सहज साधते. मात्र घाई नडते. अर्धवट वाळलेल्या आकाशावर मी दुसरा थर देऊ गेलो, तो खालचाच थर उचलला जाऊन आकाशास भोक पडले. हिरव्या रंगाविषयीही एक सूचना करतो. नळीतील हिरवा रंग जसाच्या तसा लावला तर शेत शेतासारखे न दिसता पत्र्यावर रंग दिल्यासारखे दिसते. निळा व पिवळा यांचे मिश्रण करून त्यात गेरूच्या छटेचा बर्न्ट सिएना अगदी थोडा मिसळावा, म्हणजे हिरव्यात माती येते.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेस महापूर आला आणि माझा देखावाच पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर मी पेटी घेऊन गेलो, तो शेतकरी चिखलाने माखलेल्या उसात उभा. माझ्याने पेटी उघडवेना. त्या दिवशी त्याच्यापाशी बसून परत आलो. पुढे दिवाळीनंतर माझी चित्रे पाहताना तोच म्हणाला, “मास्तर, यात पुराचं काय न्हाई व्हय?” तेव्हा आठवून ते चित्र काढले. गढूळ करडा आणि पिवळी माती, एवढ्या दोनच रंगांत ते झाले. वर्षाचे चित्र पुरे करावयाचे तर त्यातील दुःखाचा महिना गाळून चालत नाही, हे मला त्याने शिकविले.

शरदात हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. डोंगराची कड स्पष्ट दिसते, सावल्या निळसर पडतात, आणि रंग न फार लवकर वाळतो न फार सावकाश. ज्यांना आरंभ सुखाने करावयाचा असेल त्यांनी अश्विन-कार्तिकात करावा. हेमंतात उसास रुपेरी, किंचित जांभळट तुरे येतात, गुऱ्हाळांचा धूर आडवा पसरतो आणि सकाळी नदीवर धुके असते. येथे ॲक्रिलिकचा खरा गुण प्रत्ययास येतो. शेत पूर्ण रंगवून वाळू द्यावे आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा अतिशय पातळ, पारदर्शक हात फिरवावा. खालचे चित्र यत्किंचितही न बिघडता धुके उतरते. हा हात नुसत्या पाण्याने पातळ करू नये. पाणी फार झाले तर बंधक विरळ होऊन रंगाची पकड जाते. त्यासाठी रंगाबरोबर मिळणारे मीडियम वापरावे. तसेच उष्णतामान सुमारे दहा अंशांच्या खाली गेले तर राळेचे कण नीट एकजीव होत नाहीत. म्हणून कडाक्याच्या थंडीत ओले चित्र रात्री उघड्यावर ठेवू नये.

शिशिरात ऊस तुटून जातो, पाचट पेटते, आणि वर्षभर उसाआड दडलेली जमीन प्रथमच उघडी दिसते. मग एके दिवशी पिंपळास पालवी फुटते. ती हिरवी नसते. तांब्याच्या नव्या भांड्यासारखी तांबूस असते. मी साठ वर्षे पिंपळ पाहत आलो होतो. पण हे मला रंग कालवू लागेपर्यंत ठाऊक नव्हते.

यावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे; ती माझ्याच चुकीची आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात चौथीच्या वर्गात मी मुलांस जोतिबाचा डोंगर काढावयास सांगितला होता. एका मुलाने तो जांभळा रंगविला. मी तांबड्या शाईने त्यावर फुली मारली व खाली लिहिले, “डोंगर हिरवा असतो.” मुलगा काही बोलला नाही, पुढच्या तासास त्याने डोंगर हिरवा केला आणि मी त्यास शाबासकी दिली. कित्येक वर्षांनी, श्रावणातील एका संध्याकाळी पाऊस थांबला असता, मी समोरच्या डोंगराचा रंग जुळवू लागलो. हिरवा लावला, जुळेना. अल्ट्रामरीन निळा घेतला, त्यात तांबड्याचा एक थेंब आणि थोडा पांढरा मिसळला, आणि रंग तंतोतंत जुळला. तो त्या मुलाचा जांभळा होता. त्याने पाहून रंगविले होते. मी न पाहता तपासले होते.

दूरचा डोंगर निळा-जांभळा दिसतो, कारण मधली हवा निळा प्रकाश अधिक विखुरते व तो डोंगरावर पडद्यासारखा पसरतो. ही माहिती पुस्तकात होतीच. पण ती डोळ्यांत उतरावयास मला कुंचला हाती धरावा लागला.

शेवटी दोन व्यवहाराच्या सूचना. हे रंग म्हणजे वाळल्यावर एक प्रकारचे प्लॅस्टिकच होत. म्हणून कुंचले नदीत किंवा तळ्यात कधीही धुऊ नयेत. घरी बादलीत धुवावे, गाळ खाली बसू द्यावा आणि तो वाळवून कचऱ्यात टाकावा. दुसरी सूचना आईबापांस. घरातील मुलास चार-पाच नळ्या, दोन कुंचले आणि एक खिडकी नेमून द्यावी, आणि त्या खिडकीतून दिसणारे दर महिन्यास एकदा रंगवावयास सांगावे. झाडाचा रंग कोणता, डोंगराचा कोणता, हे मात्र आधी सांगू नये. त्याने काही भलताच रंग लावला, तर तांबडी शाई काढण्यापूर्वी आपण स्वतः त्या खिडकीशी जाऊन एकदा पाहून यावे.