ग्रास कटर चालविताना कान जपा

पावसाळा सरत आला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते आणि पेट्रोलच्या ग्रास कटरचा आवाज दिवसभर घुमत राहतो. चालविणाऱ्याच्या कानापाशी तो बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरली, तर पुढे दर ३ डेसिबलला ती निम्मी होते; ९४ डेसिबलला उरतो जेमतेम एक तास. वयोमानाने ऐकू कमी येत असेल, तर उरलेले श्रवण जपणे अधिकच निकडीचे. कापसाच्या बोळ्यावर विसंबू नका.

साधन घेताना वेष्टनावरील मोठ्या आकड्यालाही भुलू नका. ३० डेसिबल रोखणारे साधन टोचते म्हणून निम्मा वेळ काढून ठेवले, तर एकंदर लाभ अवघा ३ डेसिबलांचा! म्हणून आधी घरीच अर्धा तास घालून पाहावे. चष्म्याची दांडी इअरमफच्या गादीखाली येऊन फट राहते, शिवाय दमट हवेत घाम. अशांना फोमचे इअरप्लग सोयीचे. स्वच्छ हातांनी प्लग बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. कान वाहत असेल वा पडद्याला छिद्र असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. श्रवणयंत्र नुसते बंद केल्याने कान सुरक्षित होत नाही. ते घरी ठेवून इअरमफ घालावा.

घरच्यांनीही ध्यानात ठेवावे, की आता त्यांना मागून दिलेली हाक ऐकू येणार नाही. पात्याने खडे उडतात. तेव्हा पंधरा मीटर दूर, समोर उभे राहून हात करावा.