पाणी किती खोल, त्यावर यंत्र ठरतं

साताऱ्याच्या उत्तरेला, कृष्णेपासून जवळच, लिंब गावच्या शिवारात बारा मोटेची विहीर आहे. शिलालेखाप्रमाणे शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. बघायला येणारी माणसं आतला छोटा महाल, कमानी आणि कोरीव शिल्पं पाहून परततात. ज्या मोटांवरून, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामडी पिशव्यांवरून, विहिरीला नाव पडलं, त्यांचा विचार फारसा होत नाही. एकाच वेळी बारा मोटा चालतील असा हा काठ बांधला, तो चाकांसाठी, म्हणजे कप्प्यांसाठी. तरफेनं पाणी काढायची रीत महाराष्ट्रात होती, तरी इथं तिचा उपयोग नव्हता. तरफ आणि कप्पी यांच्यातला फरक कशात आहे, हे या निवडीवरून जितकं नीट कळतं, तितकं पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांवरून कळत नाही.

पुस्तकं सांगतात की साधी यंत्रं काम हलकं करतात. मोटेचं चाक काहीही हलकं करत नाही. भरलेली मोट दीडशे किलोची धरली, तर नाड्याला, म्हणजे तिच्या दोराला, दीडशे किलोचाच ओढ हवा, शिवाय चाकाच्या घर्षणापोटी थोडा जास्तच. चाक फक्त दिशा बदलतं, आणि सगळा फायदा त्या दिशा बदलण्यातच आहे. ओझं वर यायचं असतं आणि बैल खाली चालत जातात. विहिरीच्या काठापासून उतरती केलेली धाव बैलांच्या वजनालाच कामाला लावते. जोडीचं वजन आठशे किलो धरलं आणि धावेचा उतार सहा फुटांना एक फूट असला, तर नुसत्या उतारामुळे सव्वाशे किलोहून जास्त ओढ मिळतो; बाकीचाच जोर बैलांनी लावायचा. हा उतार परत चढताना त्याची फेड करावी लागते, पण तेव्हा मोट रिकामी असते. म्हणजे एका खेपेचा भार जाण्यात आणि येण्यात वाटून घेतला जातो. चाकानं दिशा बदलली नसती, तर हे वाटणं शक्यच नव्हतं.

मोटेची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. चामड्याच्या पिशवीचं तोंड नाड्याला बांधलेलं, नाडा वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाकडे गेलेला. पिशवीच्या तळाशी चामड्याचीच लांब सोंड. तिच्या टोकाला बारीक दोर, सोंदूर, बांधलेला असतो, आणि तो काठालगतच्या आडव्या कण्यावरून जातो. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेचं टोक उंच धरून ठेवतो, त्यामुळे पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर मोट चाकाकडे आणखी वर चढते, सोंड मात्र कण्यावरून पुढे ओढली जाते आणि सगळं पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, रितं होतं. पाणी ओतायला तिथं माणूस उभा करावा लागत नाही. एक चाक, एक कणा आणि दोन दोर यांच्या उंचीतला फरक एवढ्यावर हे काम होतं. ज्यानं हे पहिल्यांदा जमवलं, त्याच्या बुद्धीची तारीफ करावी तेवढी थोडी.

आता तरफेकडे वळू. जिथं पाणी फार खोल नसतं, अशा कोकणातल्या विहिरींवर ओकती असे. खांबावर आडवी दांडी, एका टोकाला दगडाचं वजन, दुसऱ्या टोकाला पोहरा. माणूस रिकामा पोहरा खाली ओढतो आणि भरलेला वर आणायला दगड मदत करतो. मांडणी सुरेख आहे, पण तिची मर्यादा दांडीतच आहे. दांडीचं टोक आडव्या रेषेच्या वर तीस अंश आणि खाली तीस अंश फिरतं असं धरलं, तर ओझं जेवढं उचलायचं तेवढीच टेकूपासून टोकापर्यंतची भुजा लांब हवी. दहा फुटांसाठी दहा फुटांची दांडी मिळते. लिंबच्या विहिरीचा तळ गाठायला ११० फुटांची भुजा लागेल, आणि एवढं लाकूड आणायचं कुठून? चाकाचं तसं नाही. दोन फुटी चाकावरून शंभर फूट नाडा सहज सरकतो. धाव तेवढी लांब ठेवली की झालं. तरफेत यंत्राचा आकार आणि ओझ्याची चाल एकमेकांना जखडलेली असतात. कप्पीत ती सुटी होतात. माझ्या मते दोघींमधला मुख्य फरक हाच. देशावरच्या काळ्या खडकातल्या खोल विहिरींनी मोट स्वीकारली, त्याचं कारणही हेच.

यावर यंत्रशास्त्राचा जाणकार म्हणेल की स्थिर कप्पी म्हणजे समान भुजांची तरफच. आस हा टेकू, दोन्हीकडच्या त्रिज्या या भुजा. हिशेब बरोबर आहे. पण तो एका क्षणाचा आहे. तरफेची भुजा फिरत फिरत कुठंतरी थांबते आणि पुन्हा मागे न्यावी लागते. चाक फिरताना दर क्षणी नवी भुजा पुढे येते. तोल दोघींचा सारखा आहे म्हणून काम सारखं होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कप्पीही जोर वाचवते. चार दोरांवर तोललेल्या कप्प्यांच्या जोडीत घर्षण सोडलं तर चौथा हिस्सा जोर पुरतो, हे खरं. बदल्यात ओझं एक मीटर चढायला चार मीटर दोर ओढावा लागतो, म्हणजे किंमत तरफेइतकीच. फक्त ती हातावर हात टाकत, हवी तितकी लांबवता येते. आर्किमिडीजच्या नावावर जगप्रसिद्ध दावा आहे तो टेकूचा आणि पृथ्वी हलवण्याचा. पण राजानं प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितलं तेव्हा त्यानं भरलेलं जहाज ओढलं ते कप्प्यांच्या साखळीनं, असं प्लुटार्क लिहितो. जहाज बोटभर हलवून भागणार नव्हतं.

सगळ्यात अवघड आक्षेप हापशाचा. गावोगावच्या कूपनलिकांवर बसलेला इंडिया मार्क दोन हा पंप सोलापूरच्या पंपावरून विकसित झाला. त्याचा दांडा सरळसरळ तरफ आहे, आणि तो दीडशे फुटांवरचं पाणी आणतो. मग तरफेची मर्यादा कुठं गेली? ती तिथंच आहे. हात सुमारे एक मीटर फिरतो तेव्हा आतली सळी फक्त १२५ मिलिमीटर उचलली जाते. एवढ्याशा उचलीनं वर सरकलेलं पाणी झडपा मागे जाऊ देत नाहीत, आणि पुढच्या हापशाला ते आणखी वर सरकतं. खोली जिंकली ती झडपेनं. तरफेनं आपलं नेहमीचं काम केलं, थोड्या चालीत आठपट जोर. शिवाय दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाचा तुकडा असतो आणि त्यावरून साखळी उतरते, कारण नुसत्या दांडीचं टोक कमानीत फिरतं आणि सळीला सरळ वर-खाली जायचं असतं. दिशा सांभाळायला चाकाचा एक तुकडा इथंही घ्यावाच लागला.

किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्यांचे पंप आले, मग वीज आली, आणि सातारा-सांगलीच्या शेतांतून मोट गेली. पण बोअरमधली मोटर जळाली, की लोखंडी पाइपांना लटकलेली ती वर काढायला तीन पायांचा घोडा उभा राहतो आणि त्याला चेन कप्पी लागते. वीस फुटी पाइप पुरता वर येईपर्यंत काम साखळीचं असतं. मग गंजलेला सांधा सोडवायला पाइप पाना लावतात, आणि तो हलला नाही तर पान्याच्या दांड्यावर हातभर लांब नळी चढवून भुजा वाढवतात. सांधा बोटभर फिरला की पुढचं काम हातानं होतं, आणि पुन्हा साखळी ओढायला सुरुवात होते.