लाव्याचीं अंडीं प्रथमच उबवितांना

करमाळ्याच्या माळरानांत लावा पक्षी कोणास ठाऊक नाहीं? परंतु ज्वारीच्या धसकटांतून भुर्रकन् उडणारा तो रानलावा निराळा. त्यास धरणें किंवा त्याचीं अंडीं वेंचणें 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे. आम्ही लिहितों तें पाळीव जपानी लाव्याविषयीं. हा 1974 मध्यें अमेरिकेंतून इज्जतनगर येथें आणला गेला. सहा-सात आठवड्यांची मादी अंडें देऊं लागते, म्हणून पुष्कळांस त्याची हौस वाटते. परंतु ती खुडूक बसणें जवळजवळ विसरलेली असल्यामुळें उबवणुकीचें काम माणसाच्याच गळ्यांत येतें.

अंडें अवघें दहा-बारा ग्रॅमचें असतें. तें सात दिवसांहून जुनें नसावें. खाण्यासाठीं विकावयास येणारीं अंडीं बहुधा नराविण ठेवलेल्या माद्यांचीं असतात. तीं उबवून कांहींच निघत नाहीं. प्रवासांतून आलेलीं अंडीं निमुळतें टोंक खालीं करून एक दिवस गार जागीं स्वस्थ ठेवावीं. धुवूं नयेत.

पंख्याच्या यंत्रांत 37.5 अंश सेल्सिअस उष्णता व शेंकडा 60 आर्द्रता राखावी. म्हणजे ओली चिंधी गुंडाळलेला उष्णतामापक 30 ते 30.5 अंश दाखवील. चौदाव्या दिवसापर्यंत अंडीं दिवसांतून तीन-चार वेळां फिरवावीं. पिलें सतराव्या-अठराव्या दिवशीं निघतात.

आमच्याकडील खरी अडचण पुढेंच आहे. साधें यंत्र ऊब देऊं शकतें, गारवा देऊं शकत नाहीं. वैशाखांत येथें पारा चाळिसावर जातो. अशा वेळीं पत्र्याच्या छपराखालील पेटींत अंड्यांतील जीव उन्हानेंच मरतो, आणि मालक अंडीं विकणाऱ्यास दोष देत बसतो. म्हणून पहिला प्रयोग कार्तिक ते माघ या काळांत, जाड भिंतीच्या खोलींत करावा. वीज गेल्यास पेटी उघडूं नये. हवेचीं भोकें मोकळीं ठेवून वर घोंगडी टाकावी. दोन तासांच्या गारव्यापेक्षां थोडा वेळ चढलेली उष्णताच अधिक घातक होते.

पंधराव्या दिवसापासून अंडीं फिरविणें थांबवून आर्द्रता शेंकडा 70 पर्यंत वाढवावी, व मग झांकणास हात लावूं नये. हें सांगणें सोपें आहे. आम्हीं स्वतः पहिल्या खेपेस, एका पिलाची चोंच दिसतांच, त्यास मदत करण्याच्या मोहानें पेटी उघडली. तें पिलूं निघालें. परंतु आमची हवा कोरडी, शेजारच्या फुटूं लागलेल्या अंड्यांतील पापुद्रे तेवढ्यांत सुकून चिकटले आणि आंतील पिलें आंतच गेलीं. वास्तविक निघालेलें पिलूं पोटांतील बलकावर एक दिवस सहज निभावतें. घाई आपणांसच असते.

पिलूं सात-आठ ग्रॅमचें, भुंग्याएवढें म्हटलें तरी चालेल. गुळगुळीत कागदावर त्याचे पाय फांकतात, यास्तव खालीं खरबरीत कापड अंथरावें. पहिला आठवडा 35 ते 37 अंश ऊब द्यावी, आणि पाण्याच्या बशींत खडे घालावेत, नाहींतर तें बोटभर पाण्यांतही बुडतें.