झाडावर चढलेला कांगारू

सरकून बसा रे पोरांनो. पोटाला पिशवी असलेला प्राणी म्हटला की तुम्ही नकाशात ऑस्ट्रेलियावर बोट ठेवता. ते बोट जरा वर न्या, न्यू गिनी बेटावर. तिथले काही कांगारू चक्क झाडावर राहतात! पुढचे पाय दणकट, नख्या आकड्यासारख्या, शेपूट लांबलचक. आणि गंमत म्हणजे, जमिनीवरच्या कांगारूसारखी त्यांना दर वेळी जोडीनं उडी मारावी लागत नाही; मागचे पाय एकेक करून टाकता येतात.

१९२८ साली अर्न्स्ट मायर हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ पक्षी जमवायला बेटाच्या पश्चिमेकडच्या वोंडिवोई डोंगरात गेला. तिथे त्याला असा एक कांगारू मिळाला. त्याचं कातडं लंडनला गेलं, १९३३ साली जातीला मायरचंच नाव लागलं. पुढे? पुढे काही नाही. नव्वद वर्षं एकाही शास्त्रज्ञाला दुसरा दिसेना, म्हणून लोक म्हणू लागले, संपली असावी ती जात.

२०१८ साली मायकेल स्मिथ नावाचा इंग्लंडचा हौशी वनस्पती-अभ्यासक तिथे चढला. सोबत गावचे लोक, वाटेत बांबूची गच्च बेटं. खोडांवर नख्यांचे ओरखडे दिसले, विष्ठा दिसली, उग्र वासही आला. प्राणी मात्र नाही. शेवटी परतीच्या वाटेवर, उंच झाडाच्या पानांआड तो सापडला. फोटो निघाला!

“आजोबा, तिथल्या लोकांना तो माहीत नव्हता?”

हाच तर खरा प्रश्न, बाळा! दुसरं उदाहरण बघ. बेटाच्या पश्चिम भागातच आणखी एक काळापांढरा झाडकांगारू आहे, डिंगिसो. शास्त्राच्या वहीत तो १९९५ साली आला. तिथले मोनी लोक मात्र त्याला कधीपासून आपला पूर्वज मानतात. म्हणून अशा रानात पाहणी करायची तर आधी शिकाऱ्यांशी बोलावं, त्यांनी जपलेली हाडं-कवट्या बघाव्यात, मग कॅमेरे लावावेत. खोडाला बांधलेला कॅमेरा खालचं सगळं टिपतो, पण शेंड्यावर पाला चघळत बसलेला त्याला कसा दिसणार?

आणि वोंडिवोईच्या त्या एका फोटोनं मायरचा कांगारू अजून आहे एवढंच कळलं. किती आहेत, कोणकोणत्या उतारावर आहेत, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कुणीतरी पुन्हा तो डोंगर चढायलाच हवा.